एकच निफ्टी फंड पुरतो: पहिला इंडेक्स फंड निवडण्याआधी

तीन वेगवेगळ्या फंड हाउसचे, म्हणजे म्युच्युअल फंड चालवणाऱ्या कंपन्यांचे, तीन निफ्टी ५० फंड घेतले की पैसे तीन ठिकाणी विभागले गेले, असं वाटतं. प्रत्यक्षात ते एकाच ठिकाणी गेलेले असतात. तिन्ही फंडांत त्याच पन्नास कंपन्या असतात आणि त्याही जवळपास त्याच प्रमाणात.

ठाण्याच्या नौपाड्यात माझं इन्कम टॅक्स रिटर्न भरून देण्याचं काम आहे. जुलै आला की म्युच्युअल फंडांची स्टेटमेंट्स टेबलावर येऊ लागतात आणि पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींच्या कागदांत हा प्रकार वारंवार दिसतो. घोडबंदर रोडला राहणारं, ऐरोलीत नोकरी करणारं एक जोडपं आलं होतं. त्यांच्याकडे तीन निफ्टी ५० फंड, एक सेन्सेक्स फंड आणि शिवाय एक लार्ज कॅप, म्हणजे बड्या कंपन्यांचे शेअर घेणारा, फंड होता. ‘सर, रिस्क वाटली जावी म्हणून,’ ती म्हणाली. पाचही फंडांची फॅक्टशीट उघडून शेजारी शेजारी ठेवली. प्रत्येकात वरच्या नावांमध्ये एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक आणि रिलायन्स होतेच. त्यांचं नुकसान काही झालेलं नव्हतं. पण कुठल्या कंपनीचा फंड घ्यायचा यावर त्यांनी महिनाभर डोकं खपवलं होतं, आणि कुठला निर्देशांक घ्यायचा हा खरा प्रश्न मात्र दोघांनीही विचारलाच नव्हता.

म्हणून सुरुवात निर्देशांकापासून करू.

निर्देशांक, म्हणजेच इंडेक्स, ही कंपन्यांची एक यादी आणि त्या यादीत कुणाला किती वाटा द्यायचा याचा नियम. त्या यादीप्रमाणेच शेअर घेणारा तो इंडेक्स फंड. निफ्टी ५० ही नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवरच्या पन्नास मोठ्या कंपन्यांची यादी. ती एप्रिल १९९६ मध्ये सुरू झाली आणि ३ नोव्हेंबर १९९५ ची पातळी १,००० धरून तिचा हिशेब चालतो. सेन्सेक्स ही मुंबई शेअर बाजारातल्या तीस कंपन्यांची यादी, १९७८-७९ या वर्षाची पातळी १०० धरलेली. दोन्ही याद्यांतली मोठी नावं तीच असल्यामुळे दोन्हींची चालही जवळपास एकच असते. त्यामुळे निफ्टी की सेन्सेक्स यावर झोप घालवू नका. कुठलाही एक घ्या.

वाट्याचा नियम मात्र नीट समजून घ्यायला हवा. पन्नास कंपन्यांना प्रत्येकी दोन टक्के, असं निफ्टीत नसतं. प्रवर्तकांकडचे शेअर वगळून बाजारात खुलेपणाने फिरणाऱ्या शेअरांची जी किंमत होते, त्या प्रमाणात वाटा मिळतो. मोठ्या कंपनीला मोठा, लहानीला लहान. परिणामी निफ्टी फंडात तुम्ही घातलेल्या शंभर रुपयांतले निम्म्याहून जास्त पहिल्या दहा कंपन्यांत जातात आणि एक तृतीयांशाच्या आसपास एकट्या बँका आणि वित्त कंपन्यांत. ‘मी सगळ्या बाजारात पैसे टाकलेत’ असं म्हणताना एवढं लक्षात असावं. निफ्टी म्हणजे बाजारातल्या बड्या कंपन्या, आणि त्यातही बँका पुष्कळ.

ही यादी कायमची नसते. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरअखेर, तिच्यात फेरबदल होतात. मार्च २०२५ मध्ये झोमॅटो आणि जिओ फायनान्शियल निफ्टीत आले, भारत पेट्रोलियम आणि ब्रिटानिया बाहेर गेले. मोठा घोटाळा झाला तर मधेच हकालपट्टी होते. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण जानेवारी २००९ मध्ये बाहेर आलं आणि त्याच महिन्यात ती निफ्टीतून गेली. मार्च २०२० मध्ये येस बँकेचंही तेच झालं. इंडेक्स फंडाचा मॅनेजर यात स्वतःचं मत चालवत नाही. यादी बदलली की तो आपल्याकडचे शेअर त्याप्रमाणे बदलतो. तुम्हाला काही करावं लागत नाही. काही जण याला इंडेक्सची साफसफाई म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण साफसफाई होईपर्यंत त्या शेअरची पडझड तुमच्या फंडाने सोसलेली असते. फरक एवढाच की पन्नासातला एक बुडाला तर तो तुमच्या पैशाचा छोटा भाग असतो, आणि किंमत उतरेल तसा त्याचा यादीतला वाटाही आपोआप आकसत जातो.

आता हुशार फंड मॅनेजर सोडून या यांत्रिक यादीमागे का जायचं? याचं सगळ्यात पटणारं उत्तर अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये साध्या बेरीज-वजाबाकीत दिलं. बाजारातले सगळे शेअर कुणाच्या ना कुणाच्या हातात असतात. यादीप्रमाणे चालणाऱ्यांना बाजाराइतकाच परतावा मिळतो. मग उरलेल्यांना, म्हणजे निवडून घेणाऱ्यांना, सरासरीने किती मिळणार? तितकाच, कारण सगळ्यांची बेरीज म्हणजेच बाजार. त्यातला एकजण बाजाराच्या पुढे गेला की दुसरा कुणीतरी मागे पडलेला असतोच. आता यातून खर्च वजा करा. निवडून घेणाऱ्यांचा खर्च जास्त असतो, म्हणून खर्च जाता ते सरासरीने मागे राहतात. बाजाराच्या पुढे जाणारे मॅनेजर असतात, नाही असं नाही. पण पुढची पंधरा वर्षं पुढे राहणारा कोण, हे आज ओळखून काढणं हीच अडचण आहे. शार्प यांनी हे मांडण्याच्या आधी, १९७६ मध्येच, जॉन बोगल यांनी व्हॅनगार्डमधून सामान्य गुंतवणूकदारासाठी पहिला इंडेक्स फंड काढला होता. सुरुवातीला त्याला प्रतिसाद अगदीच थोडा मिळाला.

आपल्याकडे मिड कॅप आणि स्मॉल कॅपमध्ये, म्हणजे मध्यम आणि छोट्या कंपन्यांत, चांगल्या मॅनेजरला वाव जास्त आहे, असं मानणारे जाणकार आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण नवख्या माणसाने पहिला पैसा तिथे घालावा, असं मला वाटत नाही.

मग कुठला निर्देशांक? माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात निफ्टी ५० ने करा. तेवढंच ठेवून वर्षानुवर्षं थांबलात तरी काही बिघडत नाही. आणखी हवं असेल तर दोन वाटा आहेत. एक, जोडीला निफ्टी नेक्स्ट ५०. यात क्रमांक ५१ ते १०० च्या कंपन्या येतात. उद्या निफ्टीत जाणारे बरेच जण आज इथे असतात, पण वरखाली जास्त होतं, त्यामुळे रकमेचा छोटा भागच तिथे ठेवावा. दुसरी वाट निफ्टी ५०० ची. हा एकच फंड बाजारातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक मूल्यावर पसरतो. मात्र मोठ्या कंपन्यांचा वाटा यातही मोठाच असल्यामुळे त्याची चाल निफ्टीपासून फार लांब जात नाही. निफ्टी ५० आणि निफ्टी ५०० दोन्ही घेतलेत, तर त्या घोडबंदरच्या जोडप्यासारखंच तेच शेअर पुन्हा घेतल्यासारखं होईल.

आता ज्यावर मला खरंच थांबून बोलायचं आहे, ते म्हणजे ‘इंडेक्स’ हे नाव. हे नाव लावून आज जे काही विकलं जातं, ते सगळं वर सांगितलेल्या प्रकारचं नसतं. मोमेंटम, अल्फा, लो व्होलॅटिलिटी, डिफेन्स, ईव्ही, पर्यटन अशा अनेक याद्या तयार होतात आणि त्यांवर फंड निघतात. तांत्रिकदृष्ट्या ते इंडेक्स फंडच असतात. पण यातली प्रत्येक यादी म्हणजे कुणीतरी लावलेली एक पैज असते: अमुक क्षेत्र वर जाईल, किंवा अलीकडे वाढलेले शेअर आणखी वाढतील.

यांचा मागचा परतावा बघताना एक गोष्ट तपासा. निर्देशांक सुरू कधी झाला आणि आलेख कधीपासूनचा दाखवलाय? निफ्टी २०० मोमेंटम ३० हा निर्देशांक ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाला, पण त्याचा हिशेब १ एप्रिल २००५ पासून मांडलेला आहे. म्हणजे आलेखावरची पहिली पंधरा वर्षं कुणी जगलेली नाहीत. नियम २०२० मध्ये ठरला आणि तो मागे लावून पाहिला, एवढंच. यात लबाडी नाही, पद्धत उघडपणे लिहिलेली असते. पण मागच्या काळात चांगले दिसले नसते असे नियम बाजारात आलेच नसते, हेही उघड आहे. आणि एखाद्या क्षेत्राचा फंड जेव्हा जोरात विकला जातो, तेव्हा त्या क्षेत्राची मोठी तेजी बहुतेक वेळा होऊन गेलेली असते. पहिली पाच वर्षं या गल्लीत जाऊ नका.

निर्देशांक ठरला की फंड निवडणं अर्ध्या तासाचं काम आहे. निफ्टी ५० चे फंड जवळपास प्रत्येक मोठ्या फंड हाउसकडे आहेत आणि सगळे एकच काम करतात. त्यांच्यात दोनच आकडे बघायचे.

पहिला एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवण्यासाठी तुमच्या रकमेतून दरवर्षी कापला जाणारा टक्का. याचं बिल येत नाही. रोजच्या एनएव्हीतून, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या किमतीतून, तो हळूच वजा होत असतो, म्हणून कुणाला टोचत नाही. त्याची किंमत मोठ्या मुदतीत कळते. महिन्याला ५,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे ठरावीक रकमेची दरमहा गुंतवणूक, २० वर्षं चालवली, म्हणजे १२ लाख भरले, असं धरू. बाजाराने वर्षाला १२ टक्के दिले असंही धरू. हा आकडा फक्त हिशेबासाठी आहे, कुणी तो तुम्हाला कबूल केलेला नाही. खर्च ०.२ टक्के असेल तर साधारण ४८ लाख ६० हजार हातात येतात. खर्च १ टक्का असेल तर ४३ लाख ७० हजार. पन्नास कंपन्या त्याच, मेहनत तेवढीच, आणि फरक जवळपास पाच लाखांचा.

दुसरा आकडा ट्रॅकिंग डिफरन्स. निर्देशांकाने वर्षात १२ टक्के दिले आणि फंडाने ११.७, तर फरक ०.३. यात खर्च आला, हातात पडून राहिलेली रोकड आली आणि फेरबदलाच्या वेळची खरेदी-विक्रीही आली. म्हणजे फंड आपलं काम किती नीट करतो, ते या एका आकड्यात उतरतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाप्रमाणे हा आकडा एक, तीन, पाच आणि दहा वर्षांसाठी फंड हाउसला आणि फंड कंपन्यांची संघटना असलेल्या अ‍ॅम्फीला आपापल्या वेबसाइटवर द्यावा लागतो. त्याच्या शेजारी ‘ट्रॅकिंग एरर’ नावाचा आणखी एक आकडा दिसेल. तो रोजच्या फरकातली चढउतार सांगतो. तुमच्या खिशाशी थेट संबंध डिफरन्सचा, म्हणून तोच बघा, आणि एका वर्षावर न जाता तीन किंवा पाच वर्षांचा बघा. तुलना करताना निर्देशांकाच्या नावापुढे ‘टीआरआय’ आहे ना, याचीही खात्री करा. टीआरआयमध्ये कंपन्यांनी दिलेला लाभांश धरलेला असतो. टीव्हीवर जो निफ्टी दिसतो त्यात तो नसतो, आणि हा फरक अलीकडच्या वर्षांत साधारण एक ते दीड टक्क्याचा आहे.

दोन फंडांत ०.०५ चा फरक असेल तर डोळे मिटून कुठलाही घ्या.

ॲपवर निफ्टी ५० शोधलं की एकाच फंडाच्या तीन-चार ओळी दिसतात आणि नवखा माणूस तिथे गोंधळतो. ‘डायरेक्ट’ आणि ‘रेग्युलर’ यांतला फरक कमिशनचा. रेग्युलर प्लॅनमध्ये दरवर्षी एजंटचं किंवा बँकेचं कमिशन तुमच्या पैशातून जातं. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून सगळ्यांना खुला आहे, आणि इंडेक्स फंडात तर निवडायचंच काही नसतं, मग कमिशन कशासाठी? एखादा जाणता सल्लागार बाजार पडल्यावर तुम्हाला विकण्यापासून अडवत असेल, तर त्याची फी वसूल होते, हे मी मान्य करतो. तो सल्ला मिळत नसेल तर डायरेक्ट घ्या. आधीच रेग्युलरमध्ये असाल तर डायरेक्टमध्ये बदलण्याची घाई नको. तो बदल टॅक्सच्या हिशेबी विक्री ठरतो. आधी नवी एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करा, जुन्याचा हिशेब करून नंतर ठरवा.

दुसरी जोडी ‘ग्रोथ’ आणि ‘आयडीसीडब्ल्यू’ची. आयडीसीडब्ल्यू म्हणजे पूर्वीचा डिव्हिडंड पर्याय. तुमच्याच एनएव्हीतून रक्कम काढून तुम्हाला दिली जाते आणि त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतो. ग्रोथ घ्या.

एनएव्ही १० रुपये असलेला नवा फंड ‘स्वस्त’ म्हणून घेऊ नका. हजार रुपये दहाच्या नोटांत ठेवले काय किंवा दोनशेच्या नोटांत, ते हजारच राहतात. निफ्टी दहा टक्के चढला की दोन्ही फंड साधारण दहाच टक्के चढतात.

ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड. त्याचा खर्च आणखी कमी असतो. निफ्टी बीज हा आपल्याकडचा पहिला ईटीएफ २००१ च्या अखेरीस आला. पण त्यासाठी डीमॅट लागतं, दलाली जाते, आणि उलाढाल कमी असलेल्या ईटीएफमध्ये खऱ्या किमतीपेक्षा महाग खरेदी होऊ शकते. एसआयपी करणाऱ्याला साधा इंडेक्स फंडच सोयीचा.

ठाण्यात घरोघरी एफडी, पोस्टाची आरडी आणि भिशी यांवर संसार उभे राहिलेत. अशा घरात मुलाने इंडेक्स फंडाचं नाव काढलं की आईचा पहिला प्रश्न असतो, ‘पैसे बुडणार तर नाहीत ना?’ हा प्रश्न अडाणीपणाचा अजिबात नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठाणे-नवी मुंबईतल्या कितीतरी खातेदारांचे पैसे अडकले होते. त्यामुळे याचं उत्तर नीट द्यायला हवं, आणि ते दोन भागांत आहे.

फंड हाउस पळून गेलं तर? फंडातले शेअर फंड हाउसच्या मालकीचे नसतात. ते ट्रस्टच्या नावावर, वेगळ्या कस्टोडियनकडे, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे, असतात, आणि देखरेख सेबीची. फंड हाउस बंद पडलं तर त्याच्या देणेकऱ्यांना तुमच्या युनिटवर हात टाकता येत नाही.

बाजार पडला तर? तर तुमचे पैसे कमी होतील, आणि यावर कुठलाही विमा नाही. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत असतो तसा तर नाहीच. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,२८७ वर होता. ऑक्टोबरअखेरपर्यंत तो साधारण ६० टक्के खाली आला. नोव्हेंबर २०१० मध्ये तो थोडा वेळ जुन्या पातळीला पोचला, पुन्हा घसरला, आणि ती पातळी कायमची मागे पडायला २०१४ उजाडलं. लाभांश सोडला तर सहा वर्षं हातात काही नाही. २०२० मध्ये उलट घडलं. जानेवारीतल्या १२,३६२ वरून २३ मार्चला ७,६१० आणि नोव्हेंबरपर्यंत पुन्हा जागेवर. पुढची पडझड यातल्या कुठल्या प्रकारची असेल, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. जो त्या सहा वर्षांत दर महिन्याला घेत राहिला, त्याच्याकडे स्वस्तातले भरपूर युनिट जमले. पण घेत राहायला नोकरी टिकलेली असावी लागते, आणि घरात वेगळे पैसे असावे लागतात.

म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च, घराच्या हप्त्यासकट, आधी एफडीत किंवा बचत खात्यात ठेवा. मेडिक्लेम काढा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा, तिच्या व्याजापुढे कुठला फंड टिकणार? सात वर्षांच्या आत लागणारा पैसा, फ्लॅटचं डाउन पेमेंट किंवा धाकटीचं लग्न, निफ्टीत नको. त्यानंतर जे उरेल त्याची एसआयपी. पाचशे रुपयांपासूनही सुरू करता येते.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. बारा महिन्यांच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के टॅक्स. त्यानंतर विकलं तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ आणि वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत. दोन लाख नफा झाला तर टॅक्स ७५,००० वर, म्हणजे ९,३७५ रुपये आणि वर ४ टक्के सेस. एसआयपीत प्रत्येक हप्त्याचे बारा महिने वेगळे मोजले जातात आणि विकताना आधी घेतलेले युनिट आधी जातात. वर्षभर एसआयपी चालली म्हणून सगळे युनिट लाँग टर्म झाले, असं समजून लोक विकतात आणि मग जुलैत माझ्यासमोर बसून कपाळाला हात लावतात. खातं उघडताना नॉमिनीचा रकाना भरा. तो रिकामा राहिला तर मागे राहिलेल्यांना वारसाचे कागद जमवत फिरावं लागतं.

पैसे काढायची वेळ आधी ठरवून ठेवा. मुलीच्या कॉलेजची फी जून २०३७ मध्ये लागणार असेल, तर २०३४ पासूनच दर वर्षी थोडे युनिट विकून ती रक्कम एफडीत हलवायला लागा. त्यामुळे सव्वा लाखाची सूट तीन-चार वर्षं वापरता येते, आणि २०३७ च्या मे महिन्यात बाजार पडला तरी फीचे पैसे बँकेत तयार असतात.